फिटनेस बँड बांधला, आता ठोके कसे वाचायचे?

नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दिवाळीनंतर दरवर्षी काही नवे चेहरे दिसू लागतात आणि त्यांच्या मनगटावर कोरे करकरीत बँड असतात. कुणाला मुलाने पुण्याहून पाठवलेला, कुणाला भाऊबीजेला मिळालेला. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या काकू अशाच बँड बांधून आल्या. दुसरी फेरी संपता संपता त्यांनी मला हाताला धरून थांबवलं. "अगं, हे बघ ना, एकशे एकसष्ट दाखवतंय. मी नुसती चालतेय गं. मला काही होणार तर नाही ना?" चेहरा पार उतरला होता त्यांचा.

मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळात बघून पंधरा सेकंद नाडी मोजली. सत्तावीस ठोके भरले, म्हणजे मिनिटाला १०८. बासष्ट वर्षांच्या बाईने झपाझप चालताना जेवढे असायला हवेत, अगदी तेवढेच. घोटाळा बँड बांधण्यात होता. तो सैल होता आणि पुढे-मागे सरकणाऱ्या पाटल्या त्याला सारखे धक्के देत होत्या. त्या दिवशी बाकावर बसून त्यांना जे सांगितलं आणि पुढे महिनाभर रोज थोडं थोडं सांगत गेले, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याला बँडचा खरा उपयोग ठोके वाढवण्यासाठी होत नाही, आवरण्यासाठी होतो. आपण बहुतेक जण पहिल्या पंधरा दिवसांत फार जोरात सुरुवात करतो, गुडघे धरतात, धाप लागते आणि तिसऱ्या आठवड्यात ट्रॅक सुटतो. मनगटावरचा आकडा आपल्याला वेळेत सांगतो की जरा हळू.

बँडच्या आधी डॉक्टर

वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा तुम्ही कित्येक वर्षांत व्यायाम केला नसेल, तर सुरुवातीआधी एकदा डॉक्टरांना दाखवून या. जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल अशी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल, तर ती ठोके मुद्दाम कमी ठेवते. अशा माणसाला खाली दिलेलं एकही गणित लागू पडत नाही. कितीही दम लागला तरी त्याचा बँड कदाचित शंभर-एकशेदहाच्या वर जाणारच नाही, आणि "अजून कमीच आहेत" म्हणून तो जोर वाढवत नेईल. त्याने स्वतःची मर्यादा डॉक्टरांकडूनच आकड्यात लिहून घ्यावी. आणि ठोके वाढावेत म्हणून गोळी स्वतःहून बंद करणं हा तर जिवाशी खेळ आहे.

व्यायाम करताना छातीत दाब वाटला, दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरलं, घाम फुटून भोवळ आली, किंवा काही कारण नसताना छातीत धडधड सुरू होऊन थांबेना, तर बँडवर काय दिसतंय ते बघत बसू नका. तिथेच बसा, सोबतच्याला हाक मारा, १०८ ला फोन लावा. मधुमेह जुना असेल तर दुखण्याची जाणीव बोथट होते, म्हणून अशा माणसाने नुसती घाबरगुंडी किंवा अवेळी आलेला थकवासुद्धा गंभीर धरावा. बँडचा आकडा सामान्य दिसत होता म्हणून दुखणं अंगावर काढू नये.

बँडच्या आत काय चालतं

बँड उलटा करा. मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत क्षणभर जास्त रक्त येतं, हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो आणि कमी परत येतो. ठोका ओसरला की उलट. परत आलेल्या प्रकाशाची ही चढउतार शेजारचं सेन्सर टिपतं आणि त्यातून मिनिटाचे ठोके काढतं. म्हणजे बँड हृदय ऐकत नाही, कातडीखालच्या रक्ताची हालचाल बघतो. एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या सूचनांची कारणं आपोआप कळतात. बाहेरचा उजेड आत शिरला, बँड हलला, हात गार पडून रक्तवाहिन्या आकसल्या किंवा कातडीवर गडद गोंदण असलं, की आकडा बिघडणारच. आपल्याकडे बऱ्याच आज्यांच्या हातावर हिरवं गोंदण असतं, ते नेमकं बँडखाली येत असेल तर हात बदला.

छातीला बांधायचा पट्टा वेगळ्या तत्त्वावर चालतो. तो हृदयाचे विजेचे संदेश थेट पकडतो. पोलर या फिनलंडच्या कंपनीने १९८२ मध्ये बिनतारी पट्टा बाजारात आणला, तेव्हापासून खेळाडू तो वापरत आले आहेत. अचूकपणात तो मनगटी बँडच्या पुढे आहे. पण चालायला आणि हलकं धावायला सुरुवात करणाऱ्याला मनगटाचा बँड पुरतो. एमजी रोडवर मोबाइलच्या दुकानात गेलात तर दुकानदार झोप, तणाव, ऑक्सिजन अशी लांबलचक यादी वाचून दाखवेल. तुम्ही एवढंच बघा की व्यायाम चालू असताना पडद्यावर आकडा मोठा आणि उन्हात वाचता येईल असा दिसतो का, आणि पट्टा मऊ आहे का. चाळिशी लागलेल्याला बारीक आकडा चालता चालता वाचता येत नाही, हे दुकानात उभं राहून लक्षात येत नाही.

बांधायचा कसा

मनगटाचं बाहेर आलेलं हाड शोधा. त्याच्यापासून कोपराच्या दिशेने एक बोट जागा सोडा आणि तिथे बँड बांधा. हाडावर बांधला तर खाली फट राहते. व्यायामाच्या वेळी तो एक भोक घट्ट करा: हात झटकला तर बँड सरकू नये, पण बोटं बधिर होऊ नयेत आणि काढल्यावर खोल वळ राहू नये. व्यायाम झाला की पुन्हा एक भोक सैल.

बांगड्यांचं काय करायचं, हा प्रश्न कुठल्याही कंपनीच्या माहितीपुस्तकात मला सापडला नाही आणि ट्रॅकवर तो मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. बांगड्या काढायच्या नसतील तर त्या हाताच्या पंजाकडे राहू द्या आणि बँड त्यांच्या मागे, कोपराच्या बाजूला, जरा वर बांधा. तिथे मांस जास्त असतं, वाचन उलट चांगलं येतं. बांगड्या बँडवर आदळत असतील तर चालताना त्यांच्यावर एक साधा घामाचा मनगटपट्टा चढवा, त्या हलत नाहीत. काकूंनी हेच केलं आणि १६१ पुन्हा कधी दिसले नाहीत. पुरुषांच्या मनगटावर पूजेचा दोरा असतो, तोसुद्धा सेन्सरखाली येता कामा नये.

पहिला आठवडा फक्त सकाळचा आकडा

फोनवर ॲप उतरवा, वय, उंची, वजन खरं भरा. वय चुकीचं भरलं तर ॲपची सगळी गणितं चुकतात. कितीतरी बँडमध्ये मुलाने स्वतःचीच जन्मतारीख भरून दिलेली असते.

मग सात दिवस एकच काम. सकाळी जाग आल्यावर, उठण्याआधी, चहाच्या आधी, फोन न बघता दोन-तीन मिनिटं शांत पडून राहा आणि ठोके बघा. आकडा वहीत लिहा. ॲप स्वतःही विश्रांतीचे ठोके दाखवतं, पण हाताने लिहिलेला आकडा लक्षात राहतो. बहुतेक मोठ्या माणसांचे विश्रांतीचे ठोके ६० ते १०० मध्ये असतात; नियमित व्यायाम करणाऱ्यांचे साठच्या खालीही असतात आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. व्यायामाची सवय नसताना पन्नाशीत असतील आणि चक्कर येत असेल, किंवा रोज सकाळीच शंभरच्या वर असतील, तर मात्र दाखवून घ्या.

त्याच आठवड्यात हाताने नाडी मोजायला शिका. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला तर्जनी आणि मधलं बोट अलगद टेकवा. अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. बसल्या जागी बँड आणि बोटं यांच्यात तीन-चार ठोक्यांचा फरक आला तर ठीक. जास्त येत असेल तर बांधणी बघा. हे दोन मिनिटांचं शिक्षण फार महत्त्वाचं आहे, कारण पुढे जेव्हा जेव्हा आकड्याची शंका येईल तेव्हा निवाडा करायला तुमची बोटं तुमच्याजवळ असतील.

तुमची रेघ कुठे आहे

हृदयाचे मिनिटाचे जास्तीत जास्त, म्हणजे कमाल, ठोके काढायचं सर्वांना तोंडपाठ असलेलं गणित म्हणजे २२० वजा वय. १९७१ च्या सुमारास सॅम्युएल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल या अमेरिकी संशोधकांनी आधीच्या अभ्यासांचे आकडे एकत्र मांडून त्यांतून काढलेली ती एक ढोबळ रेघ होती. २००१ मध्ये तनाका हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खूप जास्त माणसांच्या नोंदींवरून दुसरं सूत्र दिलं: २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. चाळिसाव्या वर्षी दोन्ही सूत्रं १८० वर येतात. त्याआधी जुनं सूत्र जास्त आकडा देतं, त्यानंतर कमी. काकूंच्या बासष्टीला जुनं १५८ म्हणतं, नवं १६५. वय वाढेल तसा फरक वाढत जातो, म्हणून ज्येष्ठांनी नवंच सूत्र वापरावं असं मला वाटतं. तरीही एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. हा आकडा साधारण पट्टा आखायला घ्यायचा. तो प्रत्यक्षात गाठून बघण्याचा खटाटोप नव्या माणसाने अजिबात करू नये.

आता पुढची पायरी, जी बहुतेक लोक गाळतात. कमाल ठोक्यांमधून सकाळचे विश्रांतीचे ठोके वजा करा. जे उरतं त्याला मी राखीव ठोके म्हणते; कार्व्होनेन या फिनलंडच्या शास्त्रज्ञाच्या १९५७ च्या कामावरून ही पद्धत आली. राखीव ठोक्यांचे ४० टक्के विश्रांतीच्या ठोक्यांत मिळवा, ती तुमची खालची रेघ. ६० टक्के मिळवा, ती वरची. या दोन रेघांमधला व्यायाम म्हणजे मध्यम व्यायाम.

काकूंचंच बघू. कमाल १६५, सकाळचे ७४, राखीव ९१. त्याचे ४० टक्के ३६, म्हणून खालची रेघ ११०. ६० टक्के ५५, म्हणून वरची १२९. माझा भाचा अठ्ठावीस वर्षांचा. कमाल १८८, सकाळचे ६०, राखीव १२८. त्याची खालची रेघ १११ आणि वरची १३७. चौतीस वर्षांचं अंतर असूनही खालची रेघ दोघांची जवळजवळ एकच आली, फरक पडला तो वर. आणि विश्रांतीचे ठोके व्यायामाने उतरत जातात, म्हणून दर दोन महिन्यांनी हे गणित पुन्हा मांडा.

दोन्ही आकडे कागदावर लिहून फोनच्या मागे चिकटवा. ॲपमध्ये झोन, म्हणजे ठोक्यांचे पट्टे, स्वतः भरायची सोय असेल तर तिथेही भरा. अनेक ॲप कमाल ठोक्यांचे सरळ टक्के धरून झोन पाडतात, त्यामुळे ॲपचे रंग आणि तुमच्या रेघा जुळतीलच असं नाही. तुमच्या कागदावर विश्वास ठेवा.

पहिली खरी फेरी

ट्रॅकवर पोचलात की बँडवर चालण्याचा किंवा धावण्याचा मोड सुरू करा. हे विसरू नका. मोड सुरू नसताना बरेच बँड बॅटरी वाचवायला काही मिनिटांनी एकदाच ठोके बघतात आणि तुम्ही मघाचाच शिळा आकडा बघत राहता. मोड सुरू केल्यावर वाचन सलग होतं.

पहिली सात-आठ मिनिटं अगदी रमत गमत चाला. या वेळात आकड्याकडे बघू नका. शरीर गरम झालेलं नसतं, मनगटात रक्त नीट पोचलेलं नसतं, बँड चाचपडत असतो. मग वेग वाढवा आणि दोन मिनिटांनी एकदा नजर टाका. खालच्या रेघेच्या खाली असाल तर पावलं जरा उचला. वरच्या रेघेला टेकत असाल तर हळू व्हा. आकडा वेगामागून काही सेकंदांनी येतो, तेव्हा प्रत्येक पावलागणिक बघण्यात अर्थ नाही. मान खाली घालून चालणारे मग समोरच्यावर आदळतात.

आकड्याला साक्षीदार हवा, तो म्हणजे तुमचा श्वास. चालता चालता तेराचा पाढा मोठ्याने म्हणा. मध्ये एक-दोनदा श्वास घेत पूर्ण म्हणता आला तर तुम्ही मध्यम व्यायामात आहात. "तेरी चोक"लाच अडखळलात तर बँड काहीही दाखवो, तुम्ही जास्त जोरात आहात. सुरात गाता येत असेल तर अजून वाव आहे. सोबत मैत्रीण असेल तर पाढ्याची गरज नाही, गप्पा पुरतात.

पंचवीस मिनिटं झाली की थांबू नका, पाच मिनिटं पुन्हा रमत चाला. जोरात चालून एकदम बाकावर बसलं की पायांत साठलेलं रक्त वर यायला वेळ लागतो आणि घेरी येते. या पाच मिनिटांतली एक नोंद उपयोगाची आहे: वेग कमी केला त्या क्षणाचा आकडा आणि बरोबर एक मिनिटानंतरचा. महिन्याभरात हा उतार वाढत गेलेला दिसतो, आणि वजनकाट्याआधी हीच सुधारणा दिसते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, पूर्ण जोराच्या ट्रेडमिल चाचणीनंतर पहिल्या मिनिटात बारा किंवा त्याहून कमी ठोके उतरणाऱ्यांना पुढे धोका जास्त आढळला होता. आपली ट्रॅकवरची फेरी म्हणजे ती चाचणी नव्हे, हलक्या चालण्यानंतर उतार कमीच असतो. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्याने झोप उडवून घेऊ नका. पण चांगला दम लागेल इतकं चालूनही महिनोन्‌महिने उतार अगदी थोडा राहिला, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला.

बँड चकवतो तेव्हा

सगळ्यात फसवी चूक धावताना होते. हलकं धावताना मिनिटाला साधारण १६०-१७० पावलं पडतात. प्रत्येक पावलाला हात हलतो, बँड हलतो, आणि सेन्सर त्या हलण्यालाच ठोका समजून बसतं. पडद्यावर १६५ दिसतात आणि खरे ठोके १४० असतात. काही वेळा उलटही होतं. ओळखायचं कसं? धाप नाही, बोलता येतंय, आणि आकडा मात्र १६५ वर खिळ्यासारखा बसलाय, जराही वरखाली होत नाही. लगेच थांबा आणि बोटांनी दहा सेकंद नाडी मोजून सहाने गुणा. थांबल्यावर ठोके भराभर उतरतात, म्हणून इथे पंधरा सेकंदही जास्त होतात. फरक पडला तर बँड आणखी दोन बोटं वर सरकवून घट्ट करा.

दुसरी फसगत मनगट वाकवण्याच्या व्यायामात होते: दंड, वजनं उचलणं, सायकलचं हँडल घट्ट धरणं. मनगट वळलं आणि मूठ आवळली की तिथला रक्तप्रवाह बदलतो. जिममध्ये जाणाऱ्यांनी त्या वेळच्या आकड्याला फार किंमत देऊ नये. सायकलवाल्यांसाठी मात्र छातीचा पट्टा खरंच कामाचा. नाशिकमध्ये सायकलचं वेड मोठं, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत पूर्ण केल्यापासून त्र्यंबक रस्त्यावर सकाळी सायकलींची रांग लागू लागली. लांब पल्ल्याला जायचं असेल तर पट्ट्यावर पैसे खर्च करा. पट्टा छातीच्या स्नायूंच्या खाली, अगदी अंगालगत बांधायचा आणि बांधण्याआधी त्याच्या आतल्या पट्ट्या पाण्याने ओल्या करायच्या, कोरड्या पट्टीला विजेचे संदेश नीट मिळत नाहीत.

धावायची घाई

नाशिक जिल्ह्याला धावण्याचं कौतुक आहे आणि ते रास्त आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा इथल्या किती मुलींनी बूट बांधले असतील! पण ट्रॅकवर येणारा तरुण पहिल्या दिवसापासून त्याच वेगाचं स्वप्न बघतो. माझा भाचा तसाच. रोज १७५ च्या वर ठोके नेऊन वीस मिनिटांत लोळागोळा होऊन घरी यायचा आणि तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखते म्हणून बसला. मी त्याला १३७ ची रेघ दाखवली तर म्हणाला, "मावशी, एवढ्यात तर मला चालावंच लागेल." मग चाल, म्हटलं. दोन मिनिटं धावायचं, आकडा १४० ला गेला की चालायचं, ११५ ला उतरला की पुन्हा धावायचं. पहिल्या आठवड्यात तो धावला कमी आणि चालला जास्त. नवव्या आठवड्यात त्याच १४० च्या आत सलग पंचवीस मिनिटं धावला. हृदय हळूहळू एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, त्यामुळे तेच काम कमी ठोक्यांत होतं. याला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो.

जोराचा व्यायाम वाईट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगितला आहे, शिवाय दोन दिवस स्नायूंसाठी. पण जोर तिसऱ्या महिन्यात आणा, आठवड्यातून एकदाच.

नाशिकची हवा आणि चढण

थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा बँड पहिली दहा मिनिटं एक तर नुसत्या रेघा दाखवतो किंवा भलतंच काही. हात गार, रक्तवाहिन्या आकसलेल्या. पूर्ण बाह्यांचा स्वेटर बँडवरून ओढून घ्या, घरातच हात चोळून दोन मिनिटं जागच्या जागी चाला आणि मग निघा.

एप्रिल-मेमध्ये प्रकार उलटा. त्याच ट्रॅकवर त्याच वेगाने ठोके दहा-पंधराने जास्त दिसतात, आणि अर्ध्या तासानंतर वेग तोच असूनही वर सरकत राहतात. शरीर थंड ठेवायला हृदय कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, मग ठोके वाढवून भरपाई होते. अशा दिवसांत वेग विसरा, रेघ पाळा, पाणी सोबत ठेवा, आणि सातच्या आत घरी या.

झोप झाली नसेल, अंगात कणकण असेल, तर सकाळचा आकडाच आधी बोलतो. नेहमी ७० असणारे ठोके कारण नसताना ७८-८० दिसले तर त्या दिवशी गंगापूर रोडवर फक्त पाय मोकळे करा. काकूंना तर ताप येण्याच्या आदल्या दिवशी हे दिसलं होतं.

चढणीसाठी पांडवलेणी उत्तम. पायऱ्या आहेत, सावली बऱ्यापैकी आहे आणि अर्ध्या तासाच्या आत वर पोचता येतं. पण सपाटीवर ११५ वर चालणारा माणूस तिथे शंभर पायऱ्यांत १४५ ला जातो. ट्रॅकवर सलग चाळीस मिनिटं रेघेत चालता आल्याशिवाय तिकडे जाऊ नका. गेलात की वरच्या रेघेपासून दहा ठोके वर गेल्यावर थांबायचं, कठड्याला टेकायचं, आकडा रेघेच्या आत आला की निघायचं. किती वेळा थांबलात ते लिहून ठेवा. काकू पहिल्यांदा अकरा वेळा थांबल्या, महिन्याने चार वेळा. वणीच्या पाचशेहून जास्त पायऱ्यांनाही हीच रीत.

श्रावणातली फेरी

तिसऱ्या श्रावणी सोमवारची त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीची फेरी हे इथल्या कितीतरी जणांचं चालायला लागण्याचं कारण असतं. साधारण वीस किलोमीटर, चिखल, चढउतार, गर्दी. गुढीपाडव्याला सुरुवात केली तर हाताशी चार महिने मिळतात आणि ते पुरतात. पहिला महिना आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, रेघेच्या आत. दुसऱ्या महिन्यात रोजचे चाळीस मिनिटं आणि रविवारी एक तास. तिसऱ्यात रविवारचे दोन तास, शिवाय एक दिवस पांडवलेणी. चौथ्यात रविवार तीन-साडेतीन तासांपर्यंत न्या आणि फेरीच्या आधीच्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा.

फेरीच्या आदल्या रात्री बँड पूर्ण चार्ज करा आणि फोनचा जीपीएस लागणारे पर्याय बंद ठेवा, नाहीतर अर्ध्या वाटेत बॅटरी संपते. पावसात भिजून बहुतेक बँड बिघडत नाहीत, पण पट्ट्याखाली चिखल-पाणी साचून वाचन जातं आणि पुरळही उठतं. तासाभराने काढून मनगट आणि सेन्सरची काच कोरड्या रुमालाने पुसा. रात्रभर जागून चालणार असाल तर ठोके नेहमीपेक्षा आठ-दहा जास्त राहतील, ते गृहीत धरा आणि वरची रेघ मात्र वाढवू नका. काकूंनी मागच्या श्रावणात फेरी पूर्ण केली तेव्हा त्यांच्या बँडवर सरासरी ११८ होते. घरी आल्यावर त्यांनी तो काढला, साध्या पाण्याने धुतला आणि चार्जिंगला लावला.